डावीकडे बघा

मंडळी, ही कमान समुद्राने घडवलेली नाही, फोडलेली आहे. रोज, लाटेमागून लाट, त्याच एका जागी मारून मारून. मी माईकवर असं म्हटलं की बसमधले लोक हसतात आणि मग खिडकीतून त्या कड्याकडे जरा दबकूनच बघतात. मला ते आवडतं. दुसरे गाईड सांगतात की निसर्गाने इथे मुक्तहस्ताने सौंदर्य उधळलंय. कसलं उधळलंय डोंबल! आमच्या राज्यात बघण्यासारखं जे जे आहे, ते ते मारामारीतून झालेलं आहे. समुद्राने कडा फोडला, नदीने जंगलातला डोंगर उभा चिरला, उन्हाने एक अख्खा तलाव मारला तेव्हा कुठे ते पांढरं मिठाचं मैदान झालं. आणि वरच्या बर्फाच्या शिखराने खालची किती गावं गाडली, ते तर मी माईकवर सांगतच नाही. ‘तुझ्या नाकावर राग, म्हणून तुला सगळीकडे भांडणंच दिसतात,’ असं माझा भाऊ म्हणतो.

बस हा भाऊच चालवतो. मी बोलते, तो चालवतो. माझ्यापेक्षा लहान, म्हणून धाकटा, पण अंगाने दाराच्या चौकटीत मावत नाही. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. त्याला मीच वाढवलं, म्हणजे खायला घातलं आणि झोडपलं, दोन्ही. हाताचे पंजे फावड्याएवढे. बसस्टँडवर त्याला हातोडा म्हणत आणि त्या नावाचा त्याला अभिमान होता. एकदा गाडी लावण्यावरून दुसऱ्या एका ड्रायव्हरशी जुंपली. धाकट्याने एकच ठोसा मारला. त्या माणसाचा डोळा गेला.

कोर्टाने शिक्षा सुनावली आणि टांगून ठेवली. तीन वर्षांत पुन्हा कुणावर हात उचललास तर ही शिक्षा आणि वर नवी, दोन्ही भोगायच्या. खटल्याआधी जामीन मिळेपर्यंत तो काही महिने आत होता. बाहेर आला तेव्हा त्याची मुलगी त्याला बघून रडली होती, ओळखलंच नाही तिने. तेव्हापासून हातोडा संपला. कुणी आईवरून शिवी दिली तरी तो मान खाली घालून हसायचा. मी त्याला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. काहीही होवो, कुणीही येवो, तुझे हात स्टिअरिंगवर पाहिजेत. हात स्टिअरिंगवर असले की ते दुसरीकडे कुठे जाणार? ज्या सहलीची ही गोष्ट, तिच्या महिनाअखेरीस मुदत संपणार होती आणि सहल संपली की तो सुट्टी घेऊन लेकीबरोबर घरी बसणार होता.

पण नेमकी त्याच आठवड्यात, त्याच रस्त्याला, दुसऱ्या कंपनीची एक बस लागली. तिच्यावर जो ड्रायव्हर होता तो त्या डोळा गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ. रात्र असो की बोगदा, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणून सगळे त्याला गॉगल म्हणतात.

समुद्राकाठी दीपगृहाजवळ आमच्या दोन्ही बस शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आमची मंडळी अजून आतच होती. गॉगल सावकाश चालत धाकट्याच्या खिडकीशी आला.

“काय हातोडा, ओळखलंस का? माझ्या भावाला आता एकाच बाजूचं दिसतं. म्हटलं, त्याच्या वाटचं मी बघून यावं.”

धाकट्याने नजर समोरच्या काचेवरच ठेवली. गॉगलने खिडकीतून हात घातला आणि त्याच्या थोबाडीत मारली. आवाज असा झाला की पहिल्या सीटवरचे हेडमास्तर, पेन्शनीत निघालेले, चष्मा सावरून पुढे वाकले.

आता गाईडच्या धंद्यातली पहिली विद्या सांगते. उजवीकडे काही वाईट असलं, मेलेलं जनावर असो, अपघात असो की भिंतीशी उभा राहिलेला दारुडा, तर माईक तोंडाला लावायचा आणि म्हणायचं, मंडळी, डावीकडे बघा. डावीकडे काही नसलं तरी ढग असतात. पैसे देऊन आलेल्या माणसाला सांगाल तिकडे बघायची सवयच असते. मी म्हटलं, “मंडळी, डावीकडे बघा, दीपगृह!” आणि सगळ्या माना डावीकडे वळल्या. हेडमास्तरांचीसुद्धा. इकडे गॉगलने दुसरी मारली, मग तिसरी.

“उचल ना हात,” तो हळूच म्हणत होता, “एकदाच उचल. माझ्यासाठी.”

त्याला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. त्याला मारामारी नको होती. त्याला माझा भाऊ तुरुंगात हवा होता. धाकट्याचे दोन्ही पंजे स्टिअरिंगवर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं ते त्याने खांद्याला पुसलं आणि गाडी सुरू केली.

जंगलात धबधब्याकडे जाणारा रस्ता एका गाडीपुरताच आहे. तिथे गॉगलने आपली बस आडवी घातली आणि उतरून आला. या वेळी हातात दगड होता. मी माईक उचलेपर्यंत धाकट्याच्या बाजूची काच फुटली. तिचे तुकडे त्याच्या मांडीवर पडले आणि दगड भुवईला लागला. भुवईचं रक्त थांबत नाही, डोळ्यात उतरतं. तो एका डोळ्याने बघत बसला होता आणि बाहेरून गॉगल म्हणत होता, “आता कळलं का, एका डोळ्याने गाडी कशी दिसते?”

“मंडळी, घाबरू नका, फांदी पडली,” मी माईकवर म्हटलं, “डावीकडे बघा, धबधबा सुरू झाला.”

“बाई, फांदी इतकी गोल?” हेडमास्तर म्हणाले.

“गोल फांद्यांचं झाड आहे ते,” मी म्हटलं. आमच्या बसमध्ये दोन जावा होत्या, सगळ्या सहलीत एकमेकींशी न बोलणाऱ्या. त्या दोघी पहिल्यांदाच एकदम हसल्या. मी मात्र गॉगल आपली बस वाटेतून काढेपर्यंत माईकवर धबधब्याची उंचीच सांगत राहिले.

धबधब्याशी मंडळी भिजत होती तेव्हा मी धाकट्याची भुवई रुमालाने दाबून धरली आणि म्हटलं, आपण पोलिसांत जाऊ.

“आणि काय सांगू?” तो म्हणाला. “मारामारी झाली म्हणून? ते पहिलं माझं नाव विचारतील. माझं नाव ऐकल्यावर दुसरं काही विचारणारच नाहीत.”

“मग मी जाते त्याच्याकडे.”

“तू नको.” तो खरोखर घाबरला. “ताई, तू बसमध्येच राहा. माझ्यापेक्षा तुझा हात वाईट आहे. मी त्या हाताखाली वाढलोय, मला माहीत आहे.”

मला हसू आलं आणि रडूही. त्याच्या पाठीत धपाटा घालणार होते, पण त्याने अंग चोरलं आणि मी हात मागे घेतला.

मिठाच्या मैदानावर लपायला जागा नाही. क्षितिजापर्यंत पांढरं, वर पांढरं ऊन, आणि त्यात माणूस टाचणीच्या डोक्याएवढा. लोक तिथे लांब लांब जाऊन एकमेकांचे फोटो काढतात. एकमेव आडोसा म्हणजे पत्र्याचं स्वच्छतागृह. धाकटा तिकडे गेला तो लवकर परत येईना. मग मला पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा, पुन्हा. मी धावले. मी पोहोचेपर्यंत गॉगल आणि त्याच्या गाडीवरचा क्लीनर हात झटकत निघाले होते. धाकटा जमिनीवर कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. दोन्ही हातांनी त्याने स्वच्छतागृहाचा पाण्याचा पाइप घट्ट धरून ठेवला होता. स्टिअरिंग नव्हतं, म्हणून पाइप धरला होता. लेकरू आहे ते माझं, आणि मीच त्याचे हात बांधले होते.

त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि त्यावर मीठ चिकटलं होतं. “बरगडी गेली बहुतेक,” तो म्हणाला. “पण गाडी चालवता येईल.”

“दुसरा ड्रायव्हर मागवते.”

“वर घाटात चढवायला कुणी येणार नाही आज. उद्या एक दिवस, ताई. मग घरी.” आणि पाइप सोडवताना त्याची बोटं उघडेनात, ती मला एकेक करून सोडवावी लागली.

हेडमास्तरांच्या बायकोने त्याला बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, तेही मला ऐकू येईल असं, “रोज एक नवी जखम. हा माणूस रोज कुणाशी तरी भांडून येतो बघा.” काय सांगणार होते? रोज मीच तर सगळ्यांना डावीकडे बघायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खिंडीत पोहोचलो. खिंड म्हणजे आमच्या राज्याचं टोक. रस्ता संपतो, एक कठडा आहे, कठड्यापलीकडे दरी आणि दरीपलीकडे ते शिखर. वारा असा की माणूस बोलतो ते शब्द त्याच्याच तोंडात परत जातात. गॉगलची बस आधीच येऊन उभी होती. त्याची मंडळी पलीकडच्या चहाच्या टपरीत शिरली होती. आणि तो स्वतः आमच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता, हातात चाक उघडायची लोखंडी टॉमी घेऊन.

मी ती टॉमी पाहिली. धाकट्यानेही पाहिली. त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि हात पुन्हा स्टिअरिंगवर ठेवले. त्याच्या बाजूला काच नव्हतीच.

आणि मी, एवढी शहाणी, काय केलं? मी माईक उचलला. “मंडळी, डावीकडे बघा! शिखर उघडलंय, असं वर्षातून क्वचित दिसतं. लवकर उतरा, डाव्या दारातून, कठड्याशी जा, ढग आले तर गेलं!” सवय, दुसरं काय. बसमध्ये कुणी राहून त्याला लागायला नको, एवढंच डोक्यात होतं. अख्खी बस पाठोपाठ उतरली आणि कठड्याशी ओळीने उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. माझ्या भावाच्या बाजूने पुढे बोलू शकले असते ते सगळे डोळे मी माझ्या हाताने शिखराकडे वळवले.

गॉगल या वेळी थेट खिडकीशी आला. त्याने टॉमी वर नेली आणि धाकट्याच्या उजव्या पंज्यावर आणली, स्टिअरिंगवरच. हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू आला. धाकट्याने घशातून एक आवाज काढला, पण हात हलवला नाही. “काढ हात!” गॉगल ओरडला, जवळजवळ रडकुंडीला येऊन. “मार मला! मार की रे!” आणि पुन्हा त्याच पंज्यावर. मग डाव्यावर. धाकटा समोरच्या काचेकडे बघत होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि मोडलेली बोटं त्या चाकाला तशीच चिकटून होती, मी सांगितलं होतं म्हणून.

मी बसला वळसा घालून आले. गॉगलची पाठ माझ्याकडे होती. त्याने चौथ्यांदा हात वर नेला तेव्हा मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चावले. पार हाडापर्यंत. तोंडात रक्ताची चव आली, तशीच चावत राहिले. टॉमी खाली पडली. त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरून माझं डोकं बसच्या पत्र्यावर आपटलं. मला लागलं नाही. म्हणजे लागलं असणार, नंतर टाके पडले, पण तेव्हा कळलं नाही. मी खाली बसून टॉमी उचलली आणि त्याच्या गुडघ्यावर घातली. तो बसला. मग खांद्यावर घातली. मग तोंडावर. तो चष्मा फुटला आणि त्यामागे साधेच डोळे होते, घाबरलेले, पाणावलेले. भावासाठीच तोही आला होता, हे मला समजत होतं. समजत होतं आणि तरी मी पुन्हा मारलं. दीपगृहाचं मारलं, धबधब्याचं मारलं, मिठाचं मारलं. जबडा वाकडा झालेला दिसला तेव्हाही मला थांबावंसं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

“ताई, बास! मरेल तो!”

धाकटा कसाबसा दार उघडून खाली आला होता. त्याने ते मोडके पंजे माझ्या पोटाभोवती टाकले आणि मला मागे ओढलं. कोपराने टॉमी माझ्या हातातून पाडली. मला बसच्या मागे ढकललं आणि तो स्वतः गॉगलवर वाकला, तोंडातलं रक्त घशात जाऊ नये म्हणून त्याची मान एका कुशीला वळवायला. बोटं चालत नव्हती, म्हणून मनगटांनी ढकलत होता.

बरोबर त्याच वेळी कठड्यावरून मंडळी वळली. धाकटी जाऊ किंचाळली. पुढचं सांगायला नकोच. खाली रक्तबंबाळ माणूस, त्याच्यावर वाकलेला हातोडा, त्याचे पंजे लालभडक आणि पायाशी टॉमी.

खिंडीतली पोलीस चौकी म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि एक टेबल. फौजदार टेबलामागे बसला होता, तरुण, दाढी नीट कोरलेली, आणि दाराशी एक हवालदार. गॉगलला बाकावर निजवलं होतं, दवाखान्याची गाडी खालून यायची होती. फौजदाराने त्याच्यावर वाकून विचारलं, “कुणी मारलं?” गॉगलला जबडा हलवता येत नव्हता. त्याने मला पाहिलं, चांगले दोन श्वास पाहिलं. मग हात उचलला आणि बोट धाकट्याकडे केलं. दुसरं काय करणार? ज्यासाठी आठवडाभर राबला, ते त्याला माझ्यामुळे आयतं मिळालं होतं.

“आम्ही पाहिलं साहेब,” हेडमास्तर म्हणाले. माणूस खोटारडा नव्हता, मनापासून बोलत होता. “म्हणजे मारताना नाही, पण लगेच नंतर. आणि हा इसम रोजच मारामाऱ्या करत होता. रोज नवी जखम.”

फौजदाराने धाकट्याचं नाव विचारलं, फोन फिरवला, ऐकलं आणि मान डोलावली. “वाटलंच. हात बघा याचे. समोरच्याला मारून मारून स्वतःची बोटं मोडली गाढवाने.”

“त्याने नाही मारलं!” मी म्हटलं. “मी मारलं. त्याची बोटं या माणसाने मोडली, स्टिअरिंगवर ठेवलेली होती ती! चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!”

“हो का?” फौजदार माझ्याकडे बघून हसला. वाईट माणसासारखा नाही, समजूत घालणाऱ्या माणसासारखा, आणि तेच मला जास्त झोंबलं. “बाई, तुमच्या डोक्याला लागलंय, बसा खाली. एवढ्या गड्याला तुम्ही लोळवलंत? भावाला वाचवायला सगळ्या बहिणी असंच म्हणतात. माझीही म्हणेल.”

“विचारा त्याला!”

फौजदाराने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा शेगडीजवळ खाली बसला होता, पंजे मांडीवर उताणे ठेवून. त्याने मला एकदा पाहिलं.

“मीच मारलं साहेब,” तो म्हणाला. “ताई मध्ये पडली, तिला त्याने ढकललं. तिचा काही संबंध नाही.”

“अरे मूर्खा! घरी पोर वाट बघतेय तुझी!”

“तुला आत राहणं जमायचं नाही, ताई,” तो शांतपणे म्हणाला. “मला सवय आहे.”

सवय! रडताना कधी आवाज न काढणारं ते पोर, आठवडाभर तोंडात मार खाऊन, पाइप धरून, बोटं मोडून घेऊन, कुणावर करंगळी न उचललेलं, आणि त्याला सवय? फौजदाराने पेन उघडलं होतं. हेडमास्तर समाधानाने मान हलवत होते. सगळ्यांना सगळं पटलं होतं. शब्दांनी आता काही होणार नव्हतं. आयुष्यभर मी शब्दांवर पोट भरलं, मला ते बरोबर कळतं.

मी टेबलाला वळसा घालून गेले आणि फौजदाराच्या कानाखाली वाजवली. अर्धीमुर्धी नाही, खांद्यापासून. त्याची टोपी शेगडीजवळ जाऊन पडली, पेन उडालं आणि तो खुर्चीसकट भिंतीला टेकला. त्याने गालाला हात लावला, हात काढला, बोटांकडे बघितलं. ओठ दातावर फुटला होता.

“ही आमची घरची शिकवण आहे,” मी म्हटलं. “याने माझ्याकडूनच घेतली. अजून एक देऊ, की लिहिताय?”

हवालदाराने मागून माझे दोन्ही हात पिरगाळून धरले. मी काही धडपड केली नाही. फौजदाराने आधी माझ्याकडे बघितलं. मग बाकावरच्या गॉगलकडे, त्याच्या मनगटाकडे वाकून. तिथे दातांचा पूर्ण अर्धगोल उमटला होता. मग तो माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “तोंड उघडा बाई.” मी उघडलं. माझ्या दातांत अजून रक्त होतं.

“हिला आत घ्या,” तो हवालदाराला म्हणाला. मग धाकट्याकडे वळला, आवाज थोडा खाली आणून. “आणि याला दवाखान्यात न्या. आधी हात.”

धाकटा उठेना. त्या एवढ्या मोठ्या माणसाने भिंतीला डोकं लावलं आणि मोठ्याने रडायला लागला, आवाज काढून, लहानपणीही रडला नव्हता तसा. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. हात मागे धरलेले होते.

“जा,” मी म्हटलं, “बोटं नीट बसवून घे. डॉक्टर दुखवेल, तर ओरड. आता ओरडायला हरकत नाही.”